मागे राहिलेला कबरा बैल

१

ओम्बुराच्या गुरं-संशोधन केंद्रावर शुक्रवारी सकाळी वीस देशी बैलांची वजनं झाली, आणि महिनाभरात त्यांनी मिळून तीनशे वीस किलो गमावल्याचं निघालं. म्हणजे बैलामागे सोळा किलो. शेजारच्या कुंपणातल्या सिमेंटल या विलायती जातीच्या वीस संकर बैलांनी मात्र त्याच उन्हात, तेच वाळकं गवत खाऊन बैलामागे नऊ किलो कमावले होते.

हे घडणं शक्यच नव्हतं. दोन वर्षं दोन्ही जातींची तुलना चालली होती. दर महिन्याला, रात्रभर पाण्याविना ठेवून, सकाळी वजन. ओल्या दिवसांत संकर पुढे जायचे आणि कोरड्या दिवसांत देशी, हे बावीस महिने न चुकता दिसलं होतं. आता ऐन दुष्काळात देशी बैल सोळा किलोंनी उतरले म्हणजे काय? केंद्राचे प्रमुख डॉक्टर नांगोलो यांनी आकडे तीन वेळा तपासले आणि मग जाहीर केलं की वजनकाटा बिघडला आहे. त्यांनी तालुक्याला फोन केला.

म्हणून शनिवारी वेटिरा हियांबो आली. वजनमापं तपासणारी ही बाई साऱ्या ओमाहेके प्रांतात ओळखीची होती. पायघोळ झगा, डोक्यावर गाईच्या शिंगांसारखं दोन्हीकडे निघालेलं फडकं आणि गाडीच्या मागच्या हौद्यात वीस-वीस किलोंची पंचवीस लोखंडी वजनं. अकरा वर्षांत तिने खाटकांचे, वाण्यांचे आणि लिलावाच्या बाजारांचे इतके काटे पकडले होते की तिची गाडी दिसली की लोक आधी आपला काटा पुसायला धावत. एकदा हातात घेतलेलं काम ती अर्धवट टाकत नसे, आणि याचा त्रास तिच्या नवऱ्यालाही होता.

मुकादम गोटलीब वजनं उतरवायला पुढे झाला. उंच, शांत माणूस. मागच्याच महिन्यात त्याने वडिलांना माती दिली होती आणि अजून त्याचा आवाज खाली होता. वेटिराने त्याला वजनाला हात लावू दिला नाही. प्रमाण वजनांना दुसऱ्याचा घामही लागू नये असा तिचा नियम होता.

तिने एकेक वजन काट्यावर चढवलं. वीस, चाळीस, साठ, आणि शेवटी पाचशे. काट्याने प्रत्येक वेळी बरोबर तेवढंच दाखवलं. मग उतरवताना पुन्हा. अर्ध्या किलोचाही फरक नव्हता.

"काटा चोख आहे, डॉक्टर," ती कपाळ पुसत म्हणाली.

नांगोलोंचा चेहरा पडला. कुंपणाला टेकून उभा असलेला कोबुस मात्र हसला. संकर बैल ज्या वळूंचे, ते वळू याने विकलेले. त्याची जात जिंकली, तर जिल्हाभर त्याचे वळू जाणार होते. तो म्हणाला की काटा चोख असेल, तर मग गुराखी चोख नाही. चारा कुठे गेला ते म्हाताऱ्या झेदेकियाला विचारा. का गेल्या महिन्यांत तो वजनाआधी चोरून पाणी पाजत होता?

"कोणती जात ठेवायची ते ठरवायला सोमवारी अकराला मंडळ येतंय," नांगोलो हळूच वेटिराला म्हणाले. "हा अहवाल असाच गेला तर देशी कळप सगळाच्या सगळा कत्तलखान्यात जाईल. दीडशे डोकी. पुन्हा असा शुद्ध कळप जमवता यायचा नाही. आणि कोबुसने झेदेकियावर तक्रार लिहून ठेवली आहे."

वेटिराचं काम खरं तर संपलं होतं. दाखल्यावर सही करून ती घरी जाऊ शकत होती. तिने सहीचं पेन पुन्हा खिशात ठेवलं.

"काटा चोख आहे," ती म्हणाली, "म्हणजे काट्यावर जे उभं राहिलं, त्यात खोट आहे. मला कागद दाखवा."

२

कचेरी एका खोलीची. दार इतकं ठेंगणं की वेटिराला मान तिरकी करून शिंगं आत न्यावी लागली. आत तीन खुर्च्या होत्या. दोन साध्या, लाकडी, आणि तिसरी कबऱ्या कातड्याने मढवलेली, काळ्यावर पांढरे ठिपके, खोलीतली सगळ्यांत मऊ.

नोंदी ठेवणारी एलफ्रीडा दामारा जमातीची होती, पन्नाशीची, कोरडी आणि नेटकी. तिने चहा आणला. दूध घालण्याआधी वेटिराने सवयीने विचारलं, "गाय शिंगांची आहे ना?"

"आहे, मेमे," बाईमाणसाला आदराने म्हणतात तसं ती म्हणाली. "तुम्हा लोकांचं मला सगळं पाठ झालंय. कुणाला बोडकी गाय चालत नाही, कुणाला लाल कानाची. चहा करताना वंशावळ बघावी लागते."

वेटिराला हसू आलं. तिच्या वडिलांच्या कुळाला बोडकं जनावर वर्ज्य होतं. ना दूध, ना मांस, ना गुरांच्या वाडग्यात जागा. लग्नाला तीस वर्षं झाली तरी वडिलांचा हा नियम तिने मोडला नव्हता.

गोटलीबही आत आला. वेटिरा आणि नांगोलो लाकडी खुर्च्यांवर बसले होते. एलफ्रीडाने त्याला मऊ खुर्ची दाखवली. दिवसभर बसूनच असतो असं म्हणत त्याने भिंतीशी उभ्यानेच चहा घेतला. खरं तर सकाळपासून तो उभाच होता.

वेटिराने दोन महिन्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले. सरासरीवर तिचा कधीच विश्वास नव्हता. वाणी वीस पोत्यांत एक पोतं हलकं भरतो, तेव्हा सरासरी त्याच्याच बाजूने साक्ष देते. ती बोट ठेवत एकेक क्रमांक उतरत गेली. पंधरा बैल वाढले होते, दहा ते पंधरा किलोंनी, अगदी शहाण्यासारखे. पण उरलेले पाच शंभर-शंभर किलोंनी खाली आले होते.

"बाईसाहेब, हे बघितलंत?" तिने एलफ्रीडाला विचारलं.

"बघितलं. मला वाटलं काटा अडकला. पण लागोपाठचे क्रमांक नव्हते ते."

एका महिन्यात शंभर किलो घटलेला बैल स्वतःच्या पायांनी काट्यावर चढत नाही. तो कुठेतरी आडवा पडलेला असतो. हे पाच चालत आले होते. म्हणजे ते घटले नव्हते, बदलले होते. कानातले बिल्ले तेच, बैल दुसरे.

वेटिराने हे मोठ्याने म्हटलं, तेव्हा नांगोलो उठून उभे राहिले. बिल्ले काढायचा चिमटा याच कपाटात असे आणि किल्ली खिळ्याला. मागच्या महिन्यात झेदेकिया डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पाच दिवस गोबाबिसच्या इस्पितळात होता. त्या पाच दिवसांत गुरं गोटलीबने पाहिली, चिमटा एलफ्रीडाने दोनदा वापरला, आणि कोबुसचा ट्रक एक आजारी वळू न्यायला येऊन रात्रभर इथेच उभा राहिला.

"पण म्हातारा परत आल्यावर त्याला कळलं कसं नाही?" नांगोलोंनी विचारलं. "तो तर बैल पावलांच्या आवाजावरून ओळखतो."

एलफ्रीडाने कप खाली ठेवला. "कळलं होतं त्याला," ती म्हणाली. "मला आत्ता उमजतंय. दर वजनाला तो प्रत्येक बैलाची तारीफ म्हणतो, हा कुणाचा, याची आई कुठे व्याली, कुठलं पाणी प्याला. त्या गाण्यात मला क्रमांक ऐकू येत नाहीत म्हणून मी नेहमी कुरकुरते. या शुक्रवारी तो पाच वेळा गप्प राहिला."

३

झेदेकिया वाडग्याच्या सावलीत वादी वळत बसला होता. एका डोळ्यावर अजून पट्टी होती. वेटिराने जमिनीवर बसून आधी त्याच्या कुटुंबाची, पावसाची आणि डोळ्याची विचारपूस केली. म्हाताऱ्या माणसाला थेट प्रश्न विचारायचा नसतो, एवढं तिला कळत होतं.

मग तिने वडिलांना मारावी तशी हाक मारून विचारलं, "तते, काट्यावर चढले ते वीस बैल तुमचेच का?"

"माझ्या हातात वीस दिले होते. आजही वीसच आहेत."

"तेच वीस?"

"मोजून घे."

त्याने पुढे काही बोलायचं नाकारलं. तिने त्याला सगळं समजावून सांगितलं. सोमवारी मंडळ येईल, कोबुसची तक्रार वाचली जाईल, त्याच्यावर चोरीचा आळ येईल आणि ज्या कळपामागे त्याने चाळीस वर्षं घालवली तो ट्रकमध्ये चढेल. म्हाताऱ्याचे हात वादीवरून थांबले. त्याच्या उघड्या डोळ्यात पाणी आलं. पण तोंड उघडलं नाही. वेटिराला त्याचा रागही आला आणि कीवही. स्वतःला वाचवायला एक वाक्य पुरेसं होतं आणि हा माणूस ते गिळून बसला होता.

त्याच्या झोपडीमागे एक गाय बांधली होती. घरच्या दुधाची, कबरी, ठिपक्याठिपक्यांची. वेटिराने ती नुसती बघितली आणि निघाली.

कुंपणापाशी कोबुस भेटला. तिने त्याला ट्रकबद्दल विचारताच तो उसळला. "मेमे, मला देशी बैल हरवायचेच असते ना, तर मी तो अकरा नंबर आधी उचलला असता. तो कबरा राक्षस. पाचशे बारा किलो. दोन वर्षं त्याने माझी झोप घालवली आहे."

वेटिरा जागच्या जागी थांबली. कुंपणापलीकडे अकरा नंबर रवंथ करत उभा होता, काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, वीस बैलांत सगळ्यांत मोठा. ती जवळजवळ धावतच कचेरीकडे परत आली.

४

मागच्या महिन्याचा तक्ता तिने वजनाच्या उतरत्या क्रमाने पुन्हा लिहिला. पहिला, अकरा नंबर, पाचशे बारा. मग चारशे अठ्ठ्याण्णव, चारशे एक्क्याण्णव, चारशे शहाऐंशी, चारशे ऐंशी, चारशे सत्याहत्तर. बदललेले पाच बैल म्हणजे नेमके हे दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे. निवडणाऱ्याने जाड्यांतले जाडे अचूक वेचले होते. आणि पहिल्याला हात लावला नव्हता.

ज्याला बैल विकायचे होते, त्याने पहिला घेतला असता. ज्याला तुलना बिघडवायची होती, त्याने तर तोच आधी घेतला असता. भूक असो, द्वेष असो, हात आधी सगळ्यांत मोठ्या तुकड्याकडे जातो. मग हा का राहिला? वेटिरा तक्त्यापुढे बसून राहिली. एलफ्रीडा घरी गेली होती. समोर ती कबरी खुर्ची रिकामीच होती आणि तिच्या शेजारच्या भिंतीवर, माणूस खांदा टेकतो त्या उंचीवर, बरेच दिवसांचा तेलकट डाग पडला होता.

त्या डागाकडे तिने बराच वेळ पाहिलं, आणि जे कळलं ते तिला अजिबात आवडलं नाही.

रविवारी सकाळी ती गोटलीबच्या गावी गेली. त्याच्या वडिलांच्या मातीला ती नव्हती. जो चुकतो त्याने नंतर जाऊन थडग्याला हात लावावा, अशी रीत आहे. त्याची आई म्हातारी, थकलेली, पण पाहुणी आल्यामुळे सुखावली. तीनशे माणसं जेवली, ती सांगत होती. पाच बैल पडले, आणि असे बैल की लोक अजून बोलतात. दुष्काळात कुणाच्या घरी असे बैल? तिचा गोटलीब बापासाठी कुठे कमी पडला नाही.

थडग्याशेजारच्या बाभळीवर शिंगांच्या पाच जोड्या चढवल्या होत्या. रुंद, जड, तेल दिल्यासारखी चमकणारी शिंगं. केंद्राच्या तक्त्यात प्रत्येक बैलाच्या शिंगांचा टोकापासून टोकापर्यंतचा पल्ला लिहिलेला होता, आणि वेटिराच्या झग्याच्या खिशात मोजायची पट्टी होती. पाच मिनिटांचं काम.

म्हातारी शेजारी उभी राहून नवऱ्याला सांगत होती की बघ, कोण भेटायला आलंय. वेटिराने पट्टी खिशातच ठेवली. मेलेल्या माणसाच्या उशाशी तिला मापं घ्यायची नव्हती. झेदेकिया का गप्प होता, तेही तिला आता कळलं. पण तो कळप उद्या मरणार होता आणि पुरावा तर तिने झाडावरच सोडला होता.

५

सोमवारी आठ वाजता तिने सगळ्यांना कचेरीत बोलावलं. नांगोलो, कोबुस, एलफ्रीडा, झेदेकिया आणि गोटलीब. मंडळ यायला तीन तास होते. तिने तक्ता भिंतीवर लावला आणि वीस पोत्यांचा हिशेब वाण्याला सांगावा तसा सांगायला सुरुवात केली.

पाच बैल बदलले गेले. ते झेदेकिया इस्पितळात असतानाच. तो असताना त्याच्या कळपातला एकही बैल हलला नसता. जे पाच गेले ते दुसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे. पहिला राहिला.

"कोबुस असता तर पहिलाच गेला असता, ते त्यानेच सांगितलं. रागाच्या भरात, म्हणून मी ते खरं धरते. डॉक्टर ओवाम्बो जमातीचे आणि एलफ्रीडा दामारा. त्यांना बैलाचा रंग आडवा येत नाही. झेदेकिया ततेंच्या घरी तर कबऱ्या गाईचंच दूध पितात. तेव्हा असा एक माणूस हवा, ज्याच्या वडिलांच्या कुळात कबरं जनावर वाडग्यात येत नाही, पानात येत नाही. थडग्यावर तर नाहीच नाही."

गोटलीब नेहमीसारखा भिंतीशी उभा होता.

"गोटलीब," वेटिरा म्हणाली, "बस ना."

खोलीत एकच खुर्ची रिकामी होती. त्याने त्या कबऱ्या कातड्याकडे पाहिलं. एक पाऊल पुढे टाकलं, आणि थांबला. खोटं बोलायचं असतं तर त्या क्षणी फक्त बसायचं होतं. त्याला ते जमलं नाही.

"मी डोक्याला डोकं दिलं," शेवटी तो म्हणाला. "पाच नेले, पाच आणले. माझे बैल दुष्काळाने सुकले होते. तीनशे माणसांपुढे बापासाठी हाडं कापू? वाटलं, इथल्या चाऱ्यावर माझे भरतील, चार महिन्यांत कुणाला कळणार नाही. वीसचे वीसच राहतात."

"वीस राहतात," नांगोलो म्हणाले, "पण इथे आपण डोकी मोजत नाही रे. वाढ मोजतो. दोन वर्षं तूच मला बैल काट्यावर चढवून दिलेस."

"माहीत होतं, डॉक्टर. त्या दिवशी मला फक्त बाप दिसत होता."

मग तो झेदेकियाकडे वळला. "तते, तुम्ही का नाही सांगितलंत? तुमच्यावर आळ येत होता."

"इस्पितळातून आलो तो थेट तुझ्या बापाला माती द्यायला गेलो," म्हातारा म्हणाला. "वर बघितलं तर माझे बैल झाडावर. त्याच्या डोक्यावरून शिंगं काढून मागू? तो आणि मी एका विहिरीवर वाढलो. बोलायचं होतं तर ते तू बोलायचं होतंस. शुक्रवारपासून मी तुझीच वाट बघत होतो."

गोटलीब जमिनीवर बसला, खुर्चीपासून दूर, आणि तोंड झाकून रडला. कोबुसने खिशातली तक्रार काढली, दोनदा घडी घातली आणि परत ठेवली. एलफ्रीडाने नवा कागद घेतला आणि गोटलीबचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहिलं. त्याने सही केली.

अकराला मंडळ आलं. पाच बैल बाजूला काढून पंधरांचा हिशेब ठेवला गेला. देशी बैलामागे बारा किलो वाढ, संकराची नऊ. बावीस महिन्यांशी जुळणारी, दुष्काळातली खरी वाढ. मंडळातल्या एकाने पंधरा आकडे पुरेसे आहेत का असं विचारलं. वेटिराने आपला दाखला पुढे सरकवला आणि काट्याबद्दल काही शंका असेल तर पंचवीस वजनं गाडीत आहेत, ती स्वतः पुन्हा चढवेल, असं सांगितलं. कुणी शंका घेतली नाही. कळप राहिला. गोटलीबची नोकरी गेली, आणि पोलिसांत द्यायचं की नाही हे नंतर ठरणार होतं.

दुपारी त्या पाच बैलांना केंद्राच्या कळपात वेगळे क्रमांक द्यायचे होते. नेलेल्यांच्या बदल्यात ते आता केंद्राचे झाले होते. एलफ्रीडा चिमटा आणि तक्ता घेऊन काट्यापाशी उभी राहिली. वेटिरा वजनं गाडीत भरत होती. गोटलीब आपलं सामान पिशवीत घालून फाटकाकडे निघाला होता.

पहिला बैल काट्यावर चढला, तांबडा, बरगड्या मोजता येतील असा. झेदेकिया त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, पण त्याला म्हणायला काहीच नव्हतं. या बैलाची आई कुठे व्याली, त्याला माहीत नव्हतं.

"गोटलीब," त्याने हाक मारली. "हा आता माझ्या हातात आहे. याची तारीफ सांगून जा."

गोटलीब फाटकात थांबला. पिशवी त्याने खाली ठेवली. मग तो परत आला, कुंपणाच्या बाहेरच उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणू लागला की हा त्या तांबडीचा, जी दोन दुष्काळांत मेली नाही, आणि त्या तांबडीला पहिलं पाणी माझ्या बापाने स्वतःच्या टोपीतून पाजलं होतं. झेदेकियाने ते शब्द त्याच्यामागून एकदा म्हटले, मग दुसऱ्यांदा, अडखळत.

एलफ्रीडाने वजन लिहिलं, तीनशे शहाण्णव. मग तिने थोडा विचार केला आणि बावीस महिन्यांत पहिल्यांदाच क्रमांकाच्या शेजारी बैलाच्या आईचं नाव लिहिलं.